शेवटच्या मजल्यावरचा उन्हाळा: परवडणारं घर थंड कसं राहील?

मे महिन्यात सोलापुरात एका ओळखीच्या मावशींकडे गेलो होतो. तीन मजली घरकुल, त्यांची खोली सगळ्यात वर. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. खाली रस्त्यावर वारा सुटला होता, माणसं कट्ट्यावर येऊन बसली होती. मी आत जाऊन भिंतीला पाठ टेकली आणि लगेच पुढे सरकलो. ती पश्चिमेची भिंत होती. सूर्य मावळून अडीच तास झाले होते आणि भिंत अजून तापलेलीच.

मावशी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होत्या. बाजूला ओल्या फडक्यात तेंदूची पानं गुंडाळून ठेवलेली. पंखा होता, पण एकवर. जोरात लावला की तंबाखू उडतो आणि पानंही वाळतात. "दिवसभर मी घरातच असते," त्या म्हणाल्या. "रात्री पोरगं गच्चीवर दोन-चार बादल्या पाणी मारून येतं, मग कुठं पाठ टेकता येते."

हे घर त्यांना सरकारी योजनेतून मिळालं. त्याआधी पत्र्याची भाड्याची खोली होती. आता पाऊस आत येत नाही, उंबरा स्वतःचा आहे, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. तो असायलाच हवा. सोलापूरनं गरिबांच्या घरांसाठी मोठी लढाई लढलीय. कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावानं उभी राहिलेली दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये पूर्ण झाली. पुढे तिथंच ३० हजार घरांचं रे नगर आलं, आणि त्यातल्या पहिल्या १५ हजार घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झालं. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, कचरा वेचणारे, रिक्षा चालवणारे अशा माणसांची ही घरं. त्यामुळे इथं घर बांधायचं की नाही हा वादच नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. स्वस्तात बांधलेलं घर राहायलाही स्वस्त पडेलच असं नाही, आणि ते पडेल की नाही हे पहिली वीट लागायच्या आधी, नकाशाच्या कागदावर ठरून जातं.

ऊन आत येतं कुठून?

तीन वाटांनी: छतातून, भिंतींतून आणि खिडक्यांतून. शिवाय आत आलेली उष्णता बाहेर काढणारी एकच फुकटची सोय असते, ती म्हणजे वारा. पर्यावरणपूरक घर, हरित इमारत वगैरे जे शब्द आपण ऐकतो, त्यांचं आपल्या हवामानातलं निम्मं सार एवढंच आहे. तीन वाटा अडवायच्या आणि चौथी मोकळी ठेवायची.

आधी छत. आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही. मे महिन्यात महाराष्ट्रातल्या गावागावांत एकेक दिवस असा येतो की भर दुपारी सावली पायाखालीच पडते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. म्हणजे उन्हाळ्याच्या ऐन दिवसांत सूर्य जवळपास डोक्यावर असतो आणि सगळ्यात जास्त ऊन भिंतींवर न पडता गच्चीवर पडतं. साध्या सिमेंटच्या करड्या, शेवाळून काळपट झालेल्या गच्चीचा पृष्ठभाग दुपारी ६० अंशांपर्यंत सहज जातो. अनवाणी गेलात तर पाऊल टेकवत नाही.

खाली किती उष्णता उतरते याचं माप इंजिनिअर लोक 'यू-व्हॅल्यू' या आकड्यात सांगतात. अर्थ सोपा आहे. छताच्या वर आणि खाली १ अंशाचा फरक असेल, तर १ चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता पलीकडे जाते? आकडा जितका लहान, तितकं छत चांगलं. नुसत्या काँक्रीटच्या स्लॅबचा हा आकडा साधारण साडेतीन असतो. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' नावाची नियमावली आणली. तिच्यात छतासाठी कमाल मर्यादा आहे १.२.

हे घरात आणून बघू. प्रधानमंत्री आवास योजना २०१५ मध्ये सुरू झाली, तेव्हा दुर्बल घटकांसाठीच्या घराची मर्यादा ठरली ३० चौरस मीटर चटई क्षेत्र, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आसपास. वर ६० अंश, खाली ३५. फरक २५ अंशांचा. ३० चौरस मीटर गुणिले २५ गुणिले साडेतीन, म्हणजे अडीच हजार वॅटच्या पुढे. हिशोब ढोबळ आहे, पण एका खोली-स्वयंपाकघराच्या घरात छताला अडीच इस्त्र्या उलट्या टांगून चालू ठेवाव्यात इतकी ही उष्णता आहे. तेच छत १.२ चं केलं तर ९०० वॅट, म्हणजे एकही पूर्ण इस्त्री नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांना यू-व्हॅल्यू माहीत नव्हती, माळवद माहीत होतं. सोलापूर, मराठवाडा, खानदेशातली ती धाब्याची घरं: लाकडी तुळया, त्यावर फळ्या, वर पाला आणि त्यावर जाडजूड मातीचा थर. पावसाळ्याच्या आधी पांढरी माती टाकून गच्ची पुन्हा नीट करायची, हे दर वर्षीचं काम. माळवदाला गळती होती, ढेकूळ पडायचं, उंदीर-विंचू असायचे. तिकडे परत जा असं मी कुणाला म्हणणार नाही. पण त्या मातीनं जे केलं ते पाच-सहा इंची काँक्रीट करू शकत नाही, आणि ते काम दुसऱ्या कशाकडून तरी करून घ्यावंच लागतं.

ते करायच्या तऱ्हा अनेक. सगळ्यात स्वस्त म्हणजे गच्ची पांढरी करणं. पांढरा रंग ऊन परत फेकतो, काळा गिळतो. उन्हाळ्यात काळी छत्री घेऊन बाहेर पडलेल्याला हे वेगळं सांगायला नको. चुन्यात थोडा फेविकॉल मिसळून दोन हात मारायचे, ही गावोगावच्या गच्चीवरची पद्धत चांगली आहे. मात्र पावसात चुना धुऊन जातो, धुळीनं मळतो, म्हणून दर मार्चला गच्ची झाडून, धुऊन पुन्हा मारावा लागतो. त्याहून टिकाऊ हवं असेल तर ऊन परतवणारा तयार रंग मिळतो. त्याहूनही टिकाऊ म्हणजे फुटक्या पांढऱ्या टाइल्सची गच्ची, ज्याला मिस्त्री चायना मोझॅक म्हणतात. वॉटरप्रूफिंगसाठी कोबा करायचाच असतो, त्याच वेळी वर पांढरे तुकडे बसवले की एका मजुरीत दोन कामं होतात. इमारत नवी असेल तर स्लॅबच्या वर उष्णतारोधक फोमचा थर टाकून त्यावर कोबा करावा, हे सगळ्यात उत्तम. वरच्या बाजूला, हे लक्षात ठेवा. ऊन स्लॅबमध्ये शिरण्याआधी अडवायचं असतं. आतून थर्माकोलचं छत ठोकणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगतो, तसं करू नका. ते पेटलं की भराभर पेटतं आणि धूर विषारी असतो.

शेजारच्या तेलंगणानं २०२३ मध्ये यासाठी राज्याचं धोरणच केलं. २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छतं 'शीतल' करायची असं उद्दिष्ट ठेवलं, आणि सरकारी इमारतींना व सरकारी योजनेतल्या घरांना ते सक्तीचं केलं. आमच्या विदर्भाला आणि सोलापूर-मराठवाड्याला याची गरज तेलंगणाइतकीच आहे.

पश्चिमेची भिंत

छताचं दुःख फक्त शेवटच्या मजल्याला. भिंतीचं सगळ्यांना.

उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन कमी पडतं, कारण सूर्य माथ्यावरून जातो. खिडकीवर दीड-दोन फुटांचा छज्जा असला तरी काम भागतं. पश्चिमेचं तसं नाही. दुपारी तीन ते सहा सूर्य तिरका येतो, छज्जाच्या खालून सरळ भिंतीवर आणि खिडकीतून आत. हवाही तेव्हाच सगळ्यात तापलेली असते. काँक्रीट आणि वीट ही उष्णता पिऊन ठेवतात आणि काही तासांनी आत सोडतात, म्हणजे नेमकी आपण अंथरूण टाकतो तेव्हा. मावशींच्या भिंतीचं रहस्य हेच.

म्हणून इमारतीची लांब बाजू उत्तर-दक्षिणेला आणि आखूड बाजू पूर्व-पश्चिमेला ठेवायची, हा पहिला नियम. याला एक रुपया लागत नाही. कागदावर आयत फिरवायचा, बस. तरीही शेकडो इमारतींच्या वसाहतीत सगळा नकाशा प्लॉटच्या आकारात जास्तीत जास्त घरं कशी बसतील या एका प्रश्नावर काढलेला दिसतो आणि निम्म्या घरांच्या नशिबी पश्चिम येते. जागा अडचणीची असेल तर निदान जिना, संडास-बाथरूम, लिफ्टचा डक्ट पश्चिमेला टाकावा. उन्हाचा मारा त्यांनी खावा, झोपायच्या खोलीनं नाही.

दुसरा प्रश्न भिंत कशाची. नऊ इंची विटांच्या भिंतीचा यू-आकडा दोनच्या आसपास, आठ इंची एएसी ब्लॉकचा पाऊणच्या आसपास. हे ब्लॉक म्हणजे आतून बुडबुड्यांनी भरलेला हलका सिमेंटचा पाव. बुडबुड्यांतली अडकलेली हवा उष्णता अडवते. गोधडी ऊब देते त्याचं कारणही तेच, फक्त इथं उलट्या कामासाठी. पण सध्या मोठ्या गृहप्रकल्पांत पद्धत आलीय ॲल्युमिनियमच्या साच्यांची. साइटवर तिला सरसकट मिवान म्हणतात. भिंती आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटनं ओतायचे. आठवड्या-दीड आठवड्यात मजला उभा राहतो, गिलाव्याचं काम वाचतं, भिंत ओळंब्यात असते. लाखांनी घरं बांधायची तर वेग हवाच, हे मला मान्य आहे. पण या भिंती पाच-सहा इंची निखळ काँक्रीटच्या असतात आणि त्यांचा यू-आकडा विटेपेक्षा कितीतरी वाईट, जवळपास स्लॅबसारखाच. चारही बाजूंनी स्लॅब उभा केला असं समजा. ही पद्धत वापरायची तर निदान पश्चिम-पूर्वेच्या बाहेरच्या भिंतींना उष्णतारोधक थर, फिका रंग आणि सावली यांची तरतूद निविदेतच हवी. नंतर कोण करणार?

इको निवास संहितेत भिंती आणि खिडक्या मिळून आत येणाऱ्या उष्णतेलाही मर्यादा आहे. चौरस मीटरला सरासरी १५ वॅट. आर्किटेक्टला हा आकडा विचारला तर हिशोब त्याच्याकडे असायला हवा.

खिडकी मोजायची कशी?

लोक खिडकीची काच मोजतात. मोजायला हवी उघडणारी जागा. सरकती खिडकी चार फुटांची असली तरी उघडते दोनच फूट, कारण एक पल्ला कायम दुसऱ्यामागे असतो. बिजागरीची, जुन्या धाटणीची खिडकी पूर्ण उघडते. संहिता म्हणते, दमट हवामानात, म्हणजे मुंबई-कोकणात, उघडणारी जागा घराच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश हवी, कोरड्या उष्ण भागात एक दशांश. आपल्या ३० चौरस मीटरच्या घरात मुंबईला ५ चौरस मीटर, सोलापूरला ३. टेप घेऊन आपल्या घरात मोजून बघा, सरकत्या खिडक्यांचं पितळ लगेच उघडं पडतं.

फरक का? मुंबईत घाम वाळत नाही, तो वाळवायला सतत वारा लागतो. सोलापुरात, नागपुरात दुपारचा वारा म्हणजे झळ. तिथं दुपारी खिडकी लावून घ्यायची आणि संध्याकाळनंतर सताड उघडायची. विदर्भातली बाई हे न शिकता करते. तिथं कूलर चालतो कारण हवा कोरडी असते. कोकणात तोच कूलर नुसती ओल वाढवतो. आणि कूलर लावला की समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर ओली हवा कोंडून घुसमट होते.

वारा एका खिडकीतून येऊन तिथूनच परत जात नाही. त्याला दुसरं तोंड लागतं. मधल्या लांब बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या अशी रचना असेल तर प्रत्येक घराला एकच बाहेरची भिंत मिळते आणि वारा दारावर येऊन थांबतो. दारावर झरोका ठेवला, जुन्या घरांत असायचा तसा, तर थोडं तरी खेळतं राहतं. सुरक्षेसाठी दार लावावंच लागतं, झरोका लावावा लागत नाही.

आणि दोन इमारतींमधलं अंतर. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींमध्ये इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की काही ठिकाणी मधलं अंतर अवघं ३ मीटर आहे. तिथं आयआयटी मुंबई आणि डॉक्टरांच्या एका संस्थेनं मिळून अभ्यास केला, तो २०१८ मध्ये समोर आला. ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचं प्रमाण जास्त आढळलं. वर उकाडा, खाली अंधार आणि आजार. दिवसाही ट्यूब लावावी लागणाऱ्या घरात विजेचं बिल आणि औषधाचं बिल एकाच वेळी वाढतं. म्हणून या विषयाला नुसता ऊर्जाबचतीचा विषय म्हणू नये.

एक साधी गोष्ट राहिलीच. पडदा आत लावला तर ऊन काचेतून आत आलेलंच असतं, पडदा तापतो आणि खोलीत उष्णता सोडत बसतो. सावली बाहेरून हवी. बांबूची चीक, वाळ्याचा पडदा, हिरवी नेट, पत्र्याची किंवा लाकडी झडप, काहीही चालेल, पण काचेच्या बाहेर.

राजकोटला हे करून दाखवलंय

ही सगळी पुस्तकी चर्चा वाटत असेल तर राजकोटचं उदाहरण घ्या. तिथल्या महापालिकेनं आवास योजनेत 'स्मार्ट घर ३' नावाचा १,१७६ घरांचा प्रकल्प केला. भारत-स्वित्झर्लंड यांच्या इमारत ऊर्जा कार्यक्षमता प्रकल्पातल्या तज्ज्ञांनी नकाशाच्या टप्प्यावरच हात लावला. त्यांनी केलं काय? एसी नाही, महागडी काच नाही. भिंती एएसी ब्लॉकच्या, छतावर उष्णतारोधक फोम. खिडक्यांना अख्खी काच न देता थोडा भाग काचेचा, बाकी बंद पल्ले, आणि त्या पूर्ण उघडणाऱ्या. सगळ्यात कल्पक गोष्ट डक्टची. पाइपांसाठी दोन घरांमध्ये जो उभा डक्ट असतोच, त्याच्या माथ्यावर अशी रचना केली की वाऱ्यानं तिथं ओढ तयार व्हावी आणि घरातली गरम हवा त्या डक्टमधून वर निघून जावी. जुन्या चुलीच्या धुराड्यासारखं. डक्ट तर बांधायचाच होता, त्याला फक्त काम दिलं. आराखड्याच्या वेळच्या गणितानुसार उन्हाळ्यातलं खोलीचं कमाल तापमान नेहमीच्या बांधकामाच्या मानानं ५ अंशांच्या आसपास उतरतं. ४१ आणि ३६ यात काय फरक आहे, हे पत्र्याखाली मे काढलेल्या माणसाला विचारावं.

मग सगळीकडे असं का होत नाही? माझ्या मते कारण एकच आणि ते पैशाच्या वाटेत आहे. बांधणारा वेगळा आणि बिल भरणारा वेगळा. ठेकेदार सर्वांत कमी दराची निविदा भरून काम घेतो. छतावरचा थर कापला की त्याचे पैसे आज वाचतात. मावशी मात्र त्या छताखाली पुढची तीस-चाळीस वर्षं पंखा, कूलर आणि जागरण यांच्यात तो खर्च फेडतात. सरकारी अंदाजपत्रकात बांधकामाचा चौरस मीटरचा दर असतो, राहण्याच्या खर्चाचा रकाना नसतो. तो रकाना आला पाहिजे. २०२४ च्या आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात नव्या तंत्राच्या भागीदारी प्रकल्पांना चौरस मीटरला १,००० रुपये जादा अनुदान आहे, घरामागं ३० चौरस मीटरपर्यंत. हा पैसा नुसता वेगवान साच्यांवर न जाता छत-भिंतीवरही जावा, हा आग्रह लोकप्रतिनिधींनी आणि घरकुल समित्यांनी धरायला हवा.

बिलाचं गणित

घर मुळात थंड असलं की मग उपकरणांची गोष्ट येते. गरीब घरात सगळ्यात जास्त तास चालणारं यंत्र म्हणजे पंखा. जुना साधा पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. दोन पंखे, रोज १५ तास. जुन्यांचे दिवसाला सव्वादोन युनिट, नव्यांचे ०.९. महिन्याला ४० युनिट वाचतात. महाराष्ट्रात पहिल्या १०० युनिटनंतर दर बराच चढतो, त्यामुळे १३० युनिटचं घर ९० वर आलं की बचत युनिटांच्या मानानं जास्त होते. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही स्टार लेबल सक्तीचं आहे. पंखा घेताना तारे मोजा आणि वॅटचा आकडा वाचा. घरकुल देताना सरकारनं बल्बसोबत असे दोन पंखे बसवूनच दिले तर किती बरं होईल!

सोलरबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत वैयक्तिक घराला पहिल्या २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३० हजार रुपये आणि ३ किलोवॅट वा पुढं एकूण ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. सोसायट्यांना सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार. तीन मजली घरकुलाच्या गच्चीवर सगळ्यांपुरतं सोलर बसण्याची शक्यता चांगली असते, वीस मजली पुनर्वसन इमारतीत गच्ची घरांच्या मानानं फारच लहान. तिथं निदान लिफ्ट, पंप आणि जिन्याचे दिवे सोलरवर घ्यावेत, कारण अशा इमारती बहुतेकदा याच बिलापायी अडचणीत येतात. मेंटेनन्स थकतो, वीज तुटते, लिफ्ट बंद पडते आणि बाराव्या मजल्यावरची म्हातारी घरात अडकते. पॅनलचा आणखी एक फायदा कुणी सांगत नाही: त्यांच्या सावलीनं खालचा स्लॅबही कमी तापतो.

पर्यावरणाच्या बाजूनं बघायचं तर बांधकामाचं सामानही मोजावं लागतं. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के सिमेंट बनवताना निघतो. आपल्याकडे चंद्रपूर, कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांतून राखेचे डोंगर निघतात. ती राख विटांत आणि सिमेंटमध्ये गेली तर सुपीक मातीच्या विटा वाचतात आणि राखेचे तलावही कमी भरतात. केरळात वास्तुकार लॉरी बेकर यांनी गरिबांसाठी 'रॅट-ट्रॅप' पद्धतीच्या भिंती बांधल्या. विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवायची. विटा साधारण पाव हिश्श्यानं वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णताही अडवते. गावाकडे स्वतःचं घरकुल बांधणाऱ्यानं गवंड्याला हे दाखवून बघावं. हात बसला की अवघड नाही.

आणि घर कुठं आहे हेही. शहरापासून पंधरा किलोमीटर लांब स्वस्त जमिनीवर कितीही थंड घर बांधलं आणि कामावर जायला दोन बस बदलाव्या लागल्या, तर वाचलेली वीज डिझेलमध्ये आणि बाईच्या दिवसात जाते.

घर आधीच बांधलेलं असेल तर

बहुतेक वाचकांची गत हीच. आधी गच्ची. सहकारी सोसायटीत गच्ची सगळ्यांची सामाईक मालमत्ता असते, त्यामुळे ती पांढरी करण्याचा खर्च एकट्या वरच्या मजल्यानं करायचा नसतो. सर्वसाधारण सभेत हा मुद्दा जानेवारी-फेब्रुवारीतच घ्या, एप्रिलमध्ये उशीर होतो. गळती असेल तर आधी ती काढा, ओल्या स्लॅबवर चुना टिकत नाही. पश्चिमेच्या खिडकीबाहेर चीक किंवा नेट लावा, गॅलरीत दुधी-कारल्याचा वेल चढवा. भिंतीला बाहेरून फिका रंग द्या. संध्याकाळी समोरासमोरची दोन तोंडं उघडा. गच्चीवर रोज पाणी मारण्याची सवय मात्र मला पटत नाही. ते पाणी टंचाईच्या गावातलं असतं, स्लॅबमध्ये मुरतं आणि दोन पावसाळ्यांनी सळई गंजवून खाली पोपडे पाडतं.

नवं घर मिळणार असेल तर चावी घेण्याच्या कितीतरी आधी, नकाशा मंजुरीच्या वेळी तीन गोष्टी विचारा. पश्चिमेला कोणती खोली आहे? गच्चीवर नक्की काय थर टाकणार आहात? खिडकी पूर्ण उघडते का? उत्तर तोंडी घेऊ नका, नकाशावर लिहून मागा.

यंदा मार्चमध्ये मावशींच्या मजल्यावरच्या चार घरांनी वर्गणी काढली. गच्ची झाडली, दोन भेगा भरल्या, चुन्याचे दोन हात मारले. एका रविवारचं काम. एप्रिलच्या शेवटी फोन केला तेव्हा त्या दुपारी तीनला घरातच बिड्या वळत बसल्या होत्या. "पंखा एकवरच आहे," म्हणाल्या, "पण आता स्लॅबखाली बसवतं. गच्चीवर पाणी मारणं बंद केलंय." मी पश्चिमेच्या भिंतीचं विचारलं. तिला बाहेरून हात पोचत नाही, तिसऱ्या मजल्याला परांची बांधायचा खर्च चार घरांना झेपत नाही. ती अजून रात्री साडेनऊला गरमच असते.